किंग्ज क्रॉसचे गरम पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

लंडनचे किंग्ज क्रॉस स्थानक 1852 मध्ये लुईस क्युबिट यांनी बांधले. स्थानकामागे रीजंट्स कालव्याच्या दोन्ही बाजूंनी पसरलेली 67 एकर जागा म्हणजे मालधक्का: धान्याचे गोदाम, कोळशाच्या वखारी, गॅसच्या टाक्या. रेल्वेची मालवाहतूक रोडावली आणि हा भाग ओस पडला. 2006 मध्ये नव्या आराखड्याला मंजुरी मिळाली. आज तिथे घरे, कचेऱ्या, दुकाने आणि एक कला महाविद्यालय आहे. पर्यावरणपूरक म्हणून या जागेचे कौतुक होते. ते कुठे खरे आहे आणि कुठे हात राखून करावे, ते आज पाहू.

आधी वखारी. विटांच्या दोन लांबलचक इमारती. गाडी वरच्या मजल्यावर यायची, डब्यांचे तळ उघडायचे आणि कोळसा खाली पडायचा. तिथून पोत्यांत भरून घोडागाड्यांवर. 2018 मध्ये डिझायनर थॉमस हेदरविक यांनी दोन्ही छपरे एकमेकांकडे ताणून मधोमध भिडवली आणि त्याखाली एक नवा मजला बसवला. हा भार जुन्या विटांवर टाकला असता तर भिंती फुटल्या असत्या. म्हणून पोलादाचे स्वतंत्र खांब जुन्या इमारतीतून ओवून घेतले. छपरासाठी वेल्समधला स्लेटचा दगडही मूळच्याच खाणीतून आणला.

स्थानकाच्या पश्चिमेचा 2012 चा नवा दर्शनी कक्षही याच नियमाने उभा आहे. त्याचे अर्धगोल छत क्युबिटच्या भिंतीला लागून आहे, पण तिच्यावर टेकलेले नाही. कडेचे 16 खांब आणि मधला झाडासारखा फुलत जाणारा सांगाडा ते पेलतात. नवा भार जुन्या भिंतीवर टाकू नये, जुन्या इमारतीशेजारी काम करणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ. दुसरी चूक गवंडीकामातली. चुन्यातल्या जुन्या भिंतीच्या दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, सिमेंटने भरल्या, की भिंतीतला ओलावा दर्जांतून बाहेर पडत नाही. तो विटेतून वाट काढतो आणि थंडीत गोठून विटेचा पापुद्रा उडवतो. दर्जा चुन्यानेच भराव्यात.

गॅसच्या टाक्यांचे मात्र वेगळे. तीन टाक्यांचे बिडाचे 123 खांब 2001 मध्ये उतरवले, यॉर्कशरला नेऊन दुरुस्त केले आणि पुन्हा उभे केले. आत 145 घरे आली. दिसायला देखणे आहे. पण घरांचा भार आतली नवी इमारतच पेलते, तेव्हा याला आठवण जपणे म्हणावे, कार्बन वाचवणे नव्हे.

खरी बचत जमिनीखाली आहे. इथल्या इमारतींना स्वतंत्र बॉयलर नाहीत. एका ऊर्जाकेंद्रातून गरम पाण्याचे पाइप सगळीकडे जातात. केंद्रातली गॅसची इंजिने वीज तयार करतात आणि त्यांची वाया जाणारी उष्णता पाणी तापवते. आपल्या साखर कारखान्यांतल्या सहवीजनिर्मितीचेच हे भावंड. फक्त चिपाडाऐवजी गॅस.

हे इंजिन परवडायचे, तर वर्षाच्या 8,760 तासांपैकी साधारण साडेचार ते पाच हजार तास ते चालले पाहिजे. नुसती घरे असली तर सकाळी आंघोळीच्या वेळी आणि संध्याकाळी मागणी, दुपारी शुकशुकाट. नुसत्या कचेऱ्या असल्या तर सुट्टीच्या दिवशी इंजिन बंद. घरे, कचेऱ्या आणि महाविद्यालय एकत्र आले, की मागणीचे खड्डे बुजतात. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही व्यवस्था आपल्याला नवी नाही. इथे तिच्यावर यंत्रांचे गणितही बसवले आहे.

अशा जाळ्यांचा नेहमीचा आजार म्हणजे परतीचे पाणी गरम येणे. समजा, पाणी 70 अंशांनी गेले आणि 40 अंशांनी परतले, तर 100 किलोवॅट उष्णतेसाठी सेकंदाला 0.8 लिटर पाणी पुरते. तेच 60 अंशांनी परतले तर 2.4 लिटर लागते, म्हणजे तिप्पट. पंपाचे बिल चढते, पाइप अपुरे पडतात. दोष बहुधा घरातल्या झडपेत असतो: बायपास उघडा राहतो आणि पाणी रेडिएटरला, म्हणजे खोली गरम करणाऱ्या उपकरणाला, वळसा घालून तसेच परत येते. पाइपांचे लेपन पातळ असेल तर बंदिस्त जिने आणि मार्गिका भर उन्हाळ्यातही तापतात. म्हणून ताबा घेण्याआधी प्रत्येक घराच्या परतीच्या पाण्याचे तापमान मोजून लिहून ठेवावे.

आता कौतुक जपून का, ते. आराखडा झाला तेव्हा ब्रिटनच्या विजेत कोळशाचा वाटा मोठा होता. 2012 मध्येही तो 40 टक्क्यांच्या आसपास होता. त्यामुळे गॅसच्या इंजिनाची वीज त्यामानाने स्वच्छ ठरे. 30 सप्टेंबर 2024 रोजी तिथले शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र बंद झाले. वारा आणि सूर्य यांची वीज वाढली, आणि तेच इंजिन आता मळके ठरू लागले. यंत्रात बिघाड काहीच नाही; ज्याच्याशी तुलना करायची तेच बदलले.

पाइप मात्र वाया जात नाहीत. इंजिनाच्या जागी हीट पंप, म्हणजे विजेच्या बळावर बाहेरची उष्णता ओढून पाणी तापवणारे यंत्र, बसवता येतो. अडचण एवढीच, की हीट पंप 50–55 अंशांच्या पाण्यावर काटकसरीने चालतो आणि 80 अंशांसाठी मापलेले रेडिएटर त्या पाण्यावर खोली पुरेशी गरम करू शकत नाहीत. तेव्हा आज असे जाळे आखणाऱ्याने, उगम गॅसचा असला तरी, रेडिएटर 55 अंशांच्या हिशेबानेच घ्यावेत आणि ऊर्जाकेंद्रात जास्तीच्या विजेच्या जोडणीसाठी जागा राखून ठेवावी.