समुद्र कुणी मोजायचा?

अध्यक्ष महोदय, आणि इतक्या पावसातही आलेल्या श्रोतेहो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘सामायिक समुद्र, प्रदूषण आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य’. मी मुख्यतः उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्राबद्दल बोलणार आहे. आयोजकांनी फोनवर विचारलं, आपला अरबी समुद्र सोडून तिकडे कशाला? अरबी समुद्राकडे शेवटी येतो. पण सामायिक पाणी साफ करायचं म्हणजे नेमकं काय करावं लागतं, हे बाल्टिकच्या काठी जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्या पाण्याची मोजणी सगळ्या काठांवर एकाच पद्धतीनं होते, तेच पाणी पुढे साफ होऊ शकतं. करार, सह्या, परिषदा हे सगळं हवंच, पण त्याच्या मुळाशी मोजणी असते, आणि मोजणाऱ्यांना आपण पुरेसा मान देत नाही.

बाल्टिक हा फार नाजूक समुद्र आहे. सरासरी खोली जेमतेम पंचावन्न मीटर. डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्या हीच त्याची महासागराकडे जायची वाट. अरुंद तोंडाच्या रांजणासारखा हा प्रकार आहे. आतलं पाणी पूर्ण बदलायला तीसेक वर्षं लागतात. म्हणजे मी लहान असताना कुणी त्यात जे ओतलं, ते माझी मुलं मोठी होईपर्यंत तिथेच. शिवाय नद्या इतकं गोडं पाणी आणून टाकतात की मध्य बाल्टिकच्या पृष्ठभागावरचा खारटपणा महासागराच्या पाचव्या हिश्श्याइतकाच उरतो. खाली जड खारं पाणी, वर हलकं निमखारं, आणि दोघं एकमेकांत सहसा मिसळत नाहीत. त्यामुळे तळाला प्राणवायू पोचत नाही. समुद्राच्या क्षेत्रफळाच्या चौपट जमिनीचं पाणी इथे उतरतं आणि त्या जमिनीवर साडेआठ कोटी माणसं राहतात, शेती करतात, कारखाने चालवतात.

आता ज्यासाठी मी खरा इथे आलोय ती गोष्ट. ती लांबली तर लांबू द्या.

1964 साली स्टॉकहोम विद्यापीठात सोरेन येन्सेन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ डीडीटी हे कीटकनाशक कुठे कुठे साठलंय याचा शोध घेत होते. माशांत किती, पक्ष्यांत किती, माणसाच्या चरबीत किती, असं ते काम. आपल्या कोकण किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड दिसतो ना, त्याचाच पांढऱ्या शेपटीचा भाऊबंद बाल्टिकच्या काठावर राहतो. त्या गरुडांचे नमुनेही येन्सेन यांच्याकडे होते. यंत्रात नमुना घातला की कागदावर चढ-उतारांची रेषा उमटते, आणि प्रत्येक रसायनाचा उंचवटा आपापल्या जागी येतो. डीडीटीचा आला. पण त्याच्या शेजारी आणखी उंचवटे आले, आणि ते कुणाच्याच ओळखीचे नव्हते.

इथे दुसरा एखादा म्हणाला असता, नमुना खराब झाला, पुढचा घ्या. प्रयोगशाळेत काम केलेली माणसं या सभागृहात असतील, त्यांना हा मोह ठाऊक आहे. वरिष्ठांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हातात आहे, बाकीच्या रेषा कोण बघतो? येन्सेन यांनी त्या रेषा सोडल्या नाहीत. त्यांना वाटलं, हे एखादं नवं कीटकनाशक असेल. मग ते कधीपासून आहे हे कसं शोधायचं? ते गेले निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयात. तिथे जुन्या गरुडांची पिसं वर्षवार जपून ठेवलेली होती. 1944 सालच्या गरुडाच्या पिसात तोच अनोळखी पदार्थ सापडला! डीडीटीचा वापर स्वीडनमध्ये पसरला तो महायुद्धानंतर. म्हणजे हे प्रकरण डीडीटीच्याही आधीचं. कीटकनाशकाचा तर्क तिथेच संपला.

मला त्या संग्रहालयातल्या अनाम कर्मचाऱ्यांबद्दल फार कृतज्ञता वाटते. पिसं गोळा करून, तारीख लिहून, कपाटात ठेवणारी माणसं. पुढे त्यांचा काय उपयोग होणार हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. आपल्याकडे जुने नमुने ‘जागा अडवतात’ म्हणून फेकून देताना मी पाहिले आहेत. कुठे, ते सांगत नाही. पण ते दुःख अजून गेलेलं नाही. पुन्हा कधीच न मिळणारा पुरावा आपण रद्दीत घालतो आणि त्याच वर्षी पर्यावरण परिषदेसाठी मांडव उभारतो.

असो. दोन वर्षांच्या चिकाटीनंतर 1966 मध्ये येन्सेन यांनी जाहीर केलं की तो पदार्थ म्हणजे पीसीबी. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलात, रंगांत, कितीतरी ठिकाणी वापरलं जाणारं औद्योगिक रसायन. 1929 पासून त्याचं व्यापारी उत्पादन चालू होतं आणि ते निसर्गात साठत चाललंय याचा कुणालाच पत्ता नव्हता. येन्सेन यांनी आपल्या घरातल्या माणसांचे केससुद्धा तपासले. तान्ह्या मुलीच्या केसांतही पीसीबी निघालं. तिला ते आईच्या दुधातून मिळालं असणार, असा त्यांचा निष्कर्ष होता. एक बाप आपल्या पाच महिन्यांच्या लेकीच्या जावळाचा नमुना यंत्रात घालतो आणि त्या रेषेकडे बघत उभा राहतो, हे मला वाचतानाही सहन झालं नव्हतं.

मग बाकीच्या गोष्टी जुळत गेल्या. गरुडांची अंडी फुटत होती, कारण डीडीटीनं कवचं पातळ झाली होती. सीलच्या माद्यांना पिल्लं होत नव्हती. त्यांच्या गर्भाशयांत पीसीबीशी संबंधित बिघाड सापडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाल्टिकमध्ये लाखाच्या घरात असलेले करडे सील शिकारीनं आणि मग या विषानं 1970 च्या दशकात काही हजारांवर आले.

आता राजकारण बघा. तेव्हा काठावर सात देश. डेन्मार्क आणि पश्चिम जर्मनी नाटोत. सोव्हिएत संघ, पोलंड आणि पूर्व जर्मनी विरोधी लष्करी गटात, म्हणजे वॉर्सा करारात. स्वीडन आणि फिनलंड कुठल्याच गटात नाहीत. दोन जर्मनी तर एकमेकांना देश मानायलाही तयार नव्हते. त्यांनी 1972 च्या अखेरीस आपसात करार केला आणि एका टेबलाशी बसायची वाट मोकळी झाली. फिनलंडनं यजमानपण घेतलं, आणि 22 मार्च 1974 रोजी हेलसिंकीत सातही देशांनी सह्या केल्या. जमिनीवरून, जहाजांतून, हवेतून येणारं सगळं प्रदूषण एका संपूर्ण समुद्रासाठी एकाच करारात आणण्याची जगातली ही पहिली वेळ. आणि त्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात, घातक पदार्थ म्हणून, कुणाची नावं होती? डीडीटी आणि पीसीबी. गरुडाचं पीस कराराच्या कागदावर पोचलं, मंडळी!

करार कमजोर होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. देशांची अंतर्गत जलक्षेत्रं त्यातून वगळली होती, कारण सोव्हिएत किनाऱ्याजवळ परक्यांनी नमुने घेणं मॉस्कोला चालणार नव्हतं. निर्णय एकमतानंच व्हायचे, आणि मोडणाऱ्याला शिक्षा नाही. सह्यांनंतर अंमल सुरू व्हायलाच 1980 चा मे उजाडला. पुढच्याच वर्षी एक सोव्हिएत पाणबुडी स्वीडनच्या कार्ल्सक्रोना नौदल तळाजवळ खडकावर चढून अडकली. दोन्ही देशांत केवढा तणाव! पण हा करार राबवणाऱ्या हेलसिंकी आयोगाचं काम थांबलं नाही. दोन्हीकडचे शास्त्रज्ञ एकच प्रश्न घेऊन बसायचे: पाण्याचा नमुना किती खोलीवरून घ्यायचा, शेवाळ वाढवणारा फॉस्फरस कोणत्या पद्धतीनं मोजायचा, एकच नमुना सगळ्या प्रयोगशाळांत पाठवला तर सगळ्यांचं उत्तर सारखं येतं का. बातमीत न येणारं हे काम वर्षानुवर्षं चाललं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. खरा मुद्दा तर अजून उरलाय, तेव्हा भराभर सांगतो.

मोजणीचा पहिला उपयोग, पैसा कुठे घालायचा हे कळतं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर 1992 मध्ये नवा करार झाला, त्यात अंतर्गत जलक्षेत्रं आली आणि एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया हे बाल्टिकचे तिन्ही नवस्वतंत्र देशही आले. त्याच वर्षी सर्वांत घाण ओतणाऱ्या 132 ठिकाणांची यादी केली. त्यातली बहुतेक ठिकाणं पुढे सुधारून यादीबाहेर पडली. पाणलोटातलं सर्वांत मोठं शहर म्हणजे रशियातलं सेंट पीटर्सबर्ग. तिथलं पहिलं मोठं शुद्धीकरण केंद्र 1978 चं. तोवर सांडपाणी सरळ नेवा नदीत. नैर्ऋत्य भागातलं केंद्र सोव्हिएत काळात सुरू होऊन अर्धवट पडलं होतं. ते 2005 मध्ये पुरं झालं, आणि त्यात स्वीडन, फिनलंड यांचा आणि युरोपीय बँकांचा पैसा होता. फिनलंडच्या करदात्यांचा पैसा रशियातल्या गटारावर का? कारण आकडे सांगत होते की तोच युरो हेलसिंकीपेक्षा पीटर्सबर्गमध्ये खर्च केला तर समुद्रातून जास्त फॉस्फरस कमी होतो.

दुसरा उपयोग, लपलेलं सापडतं. 2012 च्या सुमारास रशियातल्या लुगा नदीत फॉस्फरस प्रमाणाबाहेर निघाला आणि माग लागला तो किंगिसेपजवळच्या एका खत कारखान्याच्या कचऱ्याच्या ढिगापर्यंत. गळती आवरली गेली. नदीत उतरून नमुना घेतला नसता, तर फिनलंडचे किनारे शेवाळानं भरत राहिले असते आणि दोन्ही देश एकमेकांना पत्रं लिहीत बसले असते.

अपयशही आहे, आणि मोठं आहे. 1988 मध्ये मंत्र्यांनी ठरवलं होतं की 1995 पर्यंत प्रदूषण निम्मं करू. शहरांनी आणि कारखान्यांनी बरंच साधलं, शेतीला जमलं नाही. 2007 च्या कृती आराखड्यानं 2021 पर्यंत समुद्र निरोगी करायचं ठरवलं, तेही हुकलं. आता 2030 म्हणतात. तळाच्या गाळात साठलेला जुना फॉस्फरस प्राणवायू संपला की पुन्हा वर येतो, म्हणून आज नळ बंद केला तरी शेवाळ लगेच जात नाही. पण गरुड परतले. करडे सील मोजणीत तीस हजारांच्या वर गेलेत, इतके की आता ते जाळ्यातले मासे पळवतात म्हणून तिथले मच्छीमार तक्रार करतात. त्यांची तक्रार खरी आहे, पण ती ऐकून मला आनंद होतो.

आणि 2022. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियासोबतच्या आयोगाच्या बैठका थांबल्या. बाकीचे आठ देश आणि युरोपीय संघ आपापसात अनौपचारिक भेटतात. शीतयुद्धात जे टेबल टिकलं ते आता रिकामं आहे, आणि पाणलोटातलं सर्वांत मोठं शहर टेबलाबाहेर आहे. युद्धाबद्दल माझं मत तुमच्यासारखंच कडक आहे. तरीही नेवाच्या मुखाशी घेतलेल्या नमुन्यांची देवाणघेवाण राजकारणातून वेगळी काढता यायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

शेवटचे दोन शब्द अरबी समुद्राबद्दल. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, बांगलादेश आणि मालदीव यांचा दक्षिण आशियाई समुद्रांसाठीचा कृती आराखडा 1995 पासून आहे. बंधनकारक करार मात्र अजून नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येऊन पडतात, हे इथल्या प्रत्येकानं पायाला चिकटवून घेतलेलं असेल. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या गोळ्यांचे रासायनिक ठसे तपासून ते तेल मूळचं कुठलं असेल हे शोधण्याचं काम केलं आहे. अशा ठशांचा उपयोग तेव्हाच, जेव्हा ते जुळवून बघायला जहाजांच्या आणि तेलविहिरींच्या तेलांचे नमुने हाताशी असतील. तो संग्रह कराची ते कोलंबो सगळ्यांनी मिळून, एकाच पद्धतीनं करायला हवा. त्यासाठी आधी मैत्री व्हायला पाहिजे असं नाही. 1974 मध्ये दोन जर्मनींची कुठे मैत्री होती? बाटल्या, लेबलं, शीतकपाट आणि दर महिन्याला किनाऱ्यावर जाणारी पगारी माणसं, एवढ्यावर सुरुवात होते. अंदाजपत्रकात याला जागा मिळावी म्हणून मी पत्रं लिहितो आहे, तुमच्यातल्या ज्यांना लिहायची असतील त्यांनी खाली मला भेटा, मसुदा माझ्याजवळ आहे.