खोटी सुई कशी टोचायची?

अ‍ॅक्युपंक्चरच्या, म्हणजे चिनी परंपरेतल्या उपचाराच्या, सुया टोचून घेतल्या आणि कंबर मोकळी झाली, असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. पण जुनाट दुखणं मुळातच कमीजास्त होत असतं, आणि माणूस उपचाराला जातो तो ते असह्य झाल्यावर. मग ते थोडं उतरणारच, सुया टोचा नाहीतर नुसते पडून राहा. म्हणून तुलना हवी, आणि इथेच पंचाईत होते. औषधाच्या गोळीची नक्कल करायला साखरेची गोळी पुरते. सुईची नक्कल कशी करणार? टोचलं की कळतंच की!

यावर 1998 साली जर्मनीत श्ट्राइटबर्गर या डॉक्टरांनी तोड काढली. नाटकातला खंजीर आठवा. पोटात खुपसल्यासारखा दिसतो, पण पातं मुठीत सरकतं. तशीच ही बोथट सुई. कातडीला टेकते, टोचल्यासारखं वाटतं, आणि दांड्यात मागे सरकते. फक्त ती धरणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. तो प्रश्न या सुईने सुटला नाही.

अमेरिकेतल्या संशोधकांनी तर टूथपिकच घेतली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत जुनाट कंबरदुखीचे 638 रुग्ण होते. काहींना खऱ्या सुया, काहींना नळीतून टेकवलेली, जराशी फिरवून काढून घेतलेली टूथपिक. दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच आराम पडला, आणि नेहमीचे उपचार चालू असलेल्यांपेक्षा जास्त.

त्याआधी, 2007 मध्ये, जर्मनीतल्या 1162 रुग्णांच्या चाचणीचे आकडे आले होते. सरासरी आठ वर्षं कंबर धरून बसलेली ही माणसं. सहा महिन्यांनी चिनी परंपरेच्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी 47.6 टक्क्यांना फरक पडला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी 44.2 टक्क्यांना, आणि औषधं-व्यायाम करणाऱ्यांपैकी 27.4 टक्क्यांना. एक जण म्हणतो, बिंदूंना काही अर्थ नाही. दुसरा म्हणतो, नेहमीच्या उपचारांपेक्षा हे कितीतरी सरस! बोट दोघांचंही एकाच तक्त्यावर.

2012 मध्ये 17,922 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यातून निघालेलं चित्र असं मांडता येतं: शंभरपैकी साठ इतकं दुखत असेल, तर सुया न घेता ते 43 वर येतं, खोट्या सुयांनी 35 वर, खऱ्यांनी 30 वर. म्हणजे सुई नेमकी कुठे आणि कशी टोचली याच्या वाट्याला पाच गुण. आधीचे आठ माझ्या मते बरेचसे निवांत पडून राहण्याचे, कोणीतरी आस्थेनं हात लावण्याचे, आशेचे. टोचणं वरवरचं असलं तरी मज्जातंतूंना ते जाणवतंच, हा आक्षेप रास्त आहे. टूथपिकचा निकाल मात्र माझ्या बाजूने झुकतो.

कोणते उपचार करावेत याच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने 2016 मध्ये कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर नको म्हटलं. 2021 मध्ये, ज्या जुनाट दुखण्याचं मूळ दुसऱ्या कुठल्या आजारात सापडत नाही त्यासाठी, विचार करायला हरकत नाही म्हटलं. त्याच कागदात अशा दुखण्यावर पॅरासिटामॉल किंवा ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामकं) सुरू करू नका, असंही आहे. आणि सुयांना परवानगी देताना अट घातली: उपचार करणाऱ्याचे एकूण पाच तासांपेक्षा जास्त खर्च होता कामा नयेत.