सहा पायांचा वाणी आणि एक तिरपं वळं

नमस्कार मंडळी, आज बोलूया वाणीच्या पिल्लांबद्दल. वाणी म्हणजे तोच हो, हात लावला की गोल गुंडाळून बसतो, कोणी त्याला पैसा म्हणतं, कोणी मिलिपीड.

मी वाणी पाळतो त्या डब्यात पहिल्यांदा अंडी फुटली तेव्हा मी भिंग घेऊन बसलो आणि हादरलोच, एवढुसं पांढरंफटक पिल्लू आणि पाय मोजून सहा! म्हटलं संपलं, माती बिघडली का काय, सगळी बॅचच अधू निघाली. पण तसं काही नव्हतं. बहुतेक जातींची पिल्लं तीनच जोड्या घेऊन येतात, बाकीचे पाय हप्त्याहप्त्याने मिळतात. कात टाकली की शेपटाच्या टोकाआधी नवी वळी, म्हणजे अंगाची कडी, येतात, ती सुरुवातीला बिनपायांची असतात, पुढच्या कातीला त्यांना पाय फुटतात. २०२१ साली ऑस्ट्रेलियातल्या एका जातीची माहिती प्रसिद्ध झाली, जमिनीखाली ६० मीटरवर सापडलेली, त्यात एका मादीचे पाय भरले १३०६. आता एवढे पाय अंड्यातून कोण घेऊन येणार?

अजून एक गंमत सांगतो. पिल्लं जरा मोठी झाली की काहींच्या सातव्या वळ्यापाशी पाय गायब दिसतात, नीट बघितलं तर नुसते खुंट. मी वहीत 'जखमी' असं लिहूनही टाकलं होतं! ते नर होते. त्यांचे तिथले पाय चालायचे राहत नाहीत, मिलनासाठीचे अवयव बनतात.

मग खरंच वेगळं काही दिसलं का? तर हो, एक दिसलं. एका पिल्लाच्या पाठीवर मधलंच एक वळं तिरपं, डावीकडे एक आणि उजवीकडे दोन, शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेल्यावर दिसतं ना तसं. चालताना पायांची जी लाट जाते ती तिथे येऊन अडखळायची आणि मग पुढे सरकायची. बाकी खाणंपिणं मस्त, सडका पाला आणि मोठ्यांची विष्ठा, हो विष्ठाच, नाक मुरडू नका, पिल्लांना ती लागते.

एकदा कात टाकून झाली तरी वळं तसंच तिरपं. आता ते परत मातीत गेलंय, कात टाकायला छोटीशी खोली करून बसलंय, डब्याच्या काचेला लागून आहे म्हणून अर्धं दिसतं. उकरून बघायची खूप इच्छा होते पण अंग मऊ असताना धक्का लागला तर मरतं, म्हणून रोज फक्त टॉर्च मारतो आणि झाकण लावून टाकतो.