विमान मळवण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं मॉडेल जोडून झालं, रंगवून झालं, की हात शिवशिवायला लागतात. आता हे जरा वापरलेलं दिसू दे, असं वाटतं. मग काळपट वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, सगळ्या सांध्यांत सोडला जातो, प्रत्येक कडेवर चंदेरी टिपके उमटतात आणि बघता बघता विमान चौकटीच्या वहीसारखं दिसू लागतं. विमान मळवायचंच, पण प्रत्येक डागाला कारण हवं. आधी कारण, मग डाग. आणि कारण कळायला त्या पत्र्याची ओळख हवी. त्यासाठी मी माझ्या फार आवडीची हकीकत सांगणार आहे.

5 मार्च 1936. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनजवळच्या ईस्टली विमानतळावरून स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पहिल्या नमुन्यानं पहिलं उड्डाण केलं. क्रमांक के 5054. आराखडा रेजिनाल्ड मिचेल यांचा. विमान वेगवान होतं, देखणं होतं. आता कारखान्यात अशी विमानं भराभर बनवायची, तर प्रश्न आला रिव्हेटचा.

विमानाचा पत्रा सांगाड्यावर रिव्हेटनं ठोकतात. रिव्हेट दोन तऱ्हेचे. एकाचं डोकं गोल, ते पत्र्याच्या वर राहतं. ठोकायला सोपं, स्वस्त. दुसऱ्याचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसतं. बोट फिरवलं तरी हाताला लागत नाही. पण त्यासाठी प्रत्येक भोकाचं तोंड पसरट करून घ्यावं लागतं, आणि एका विमानात रिव्हेट असतात हजारोंनी. म्हणजे वेळ, मजुरी, पैसा. सगळीकडे सपाट रिव्हेट लावले तर उत्पादन रखडणार, सगळीकडे गोल लावले तर वेग जाणार. मग सपाट हवेत तरी नेमके कुठे?

अभियंत्यांनी काय केलं असेल? वाटाण्याची डाळ आणली. हो, श्रोतेहो, आपल्या डब्यात असते तीच. वाटाण्याच्या डाळीला एक बाजू सपाट, दुसरी गोल. सपाट बाजूला सरस लावायचा आणि डाळीचा दाणा सपाट रिव्हेटवर चिकटवायचा, की झाला गोल डोक्याचा रिव्हेट! असे दाणे त्यांनी रिव्हेटगणिक, अख्ख्या विमानावर चिकटवले. युद्धासाठी बनवलेलं, त्या काळातलं एक अत्यंत वेगवान विमान अंगभर डाळ लावून आकाशात गेलं.

वेग घटला. थोडाथोडका नाही, ताशी 22 मैल, म्हणजे साधारण 35 किलोमीटर. नुसत्या डाळीच्या दाण्यांनी!

पण प्रयोगाची खरी गंमत यापुढे आहे. एका भागावरची डाळ खरवडून काढायची, उडायचं, वेग मोजायचा. मग दुसऱ्या भागावरची काढायची, पुन्हा उडायचं, पुन्हा मोजायचं. असं करत करत कळलं, की कुठले दाणे वेग खातात आणि कुठले असले काय, नसले काय, सारखेच. पंखाच्या पुढच्या भागावर, जिथे वारा पहिल्यांदा भिडतो, तिथे सपाट रिव्हेटला पर्याय नव्हता. धडावर मात्र गोल चालणार होते. कारखान्यात विमानं बनली ती अशीच: पंखाच्या आतल्या मुख्य तुळईच्या पुढे सपाट रिव्हेट, धडावर गोल. धडावर सपाट रिव्हेट आले ते 1943च्या सुरुवातीला.

मला ही हकीकत आवडते, कारण त्या माणसांनी अंदाजावर भागवलं नाही. डाळ चिकटवली, मोजलं आणि ठरवलं.

आता आपल्या टेबलावर या. ज्या पंखाच्या गुळगुळीतपणासाठी एवढा खटाटोप झाला, त्याच पंखाच्या पुढच्या कडेला आपण गडद रेघा ओढायच्या? हिशेब करून पाहा. खऱ्या विमानावरची एक मिलिमीटरची फट 1:48 प्रमाणात, म्हणजे 48 पट लहान मॉडेलवर, सुमारे 0.02 मिलिमीटर होते. ती काळी कुळकुळीत दिसेल कशी? म्हणून पंखावर वॉश अगदी फिका, मूळ रंगाच्याच गडद छटेचा. धडावर थोडा जास्त चालेल. मस्टँग या अमेरिकन लढाऊ विमानाचं मॉडेल असेल तर आणखी सांभाळा. त्या विमानाच्या पंखाच्या पत्र्यातल्या फटी आणि रिव्हेट कारखान्यातच लांबी (पुट्टी) भरून घासत आणि वर चंदेरी रंग देत. म्हणजे धड उघड्या धातूचं आणि पंख रंगवलेला. दोघांची चमक वेगळी.

ओरखड्यांचंही तेच. रंग उडाला की चंदेरी दिसतं, पण खाली धातू असेल तरच! त्याच युद्धातल्या हरिकेन या ब्रिटिश विमानाचं मागचं धड कापडाचं, स्पिटफायरचं सुकाणूही कापडाचं. मॉस्किटो हे ब्रिटिश विमान तर लाकडाचं. तिथे चंदेरी टिपका मारणं म्हणजे लाकडातून ॲल्युमिनियम काढणं. स्पिटफायरचा वैमानिक डाव्या बाजूनं चढायचा, तेव्हा डाव्या पंखाच्या मुळाशी रंग झिजलेला दाखवा. बंदुकांच्या झाकणांशी दाखवा, कारण ती रोज उघडत. स्पंजचा बारीक तुकडा रंगात बुडवून, कागदावर टिपून घ्या आणि मग हलकेच लावा.

हे सगळं कळतं जुन्या फोटोंवरून. आणि इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. घरातल्या फोटोंच्या मागे तारीख, गाव आणि माणसांची नावं लिहून ठेवा. पेन्सिलनं लिहा, आजच लिहा. आजीशेजारी उभी असलेली बाई कोण, हे सांगणारं माणूस घरात आहे तोवर लिहून घ्या. मोबाइलमध्ये हजार फोटो आहेत, पण नाव एकावरही नाही, हे मला फार खटकतं.

असो. बंदुकांकडे वळू. स्पिटफायरच्या पंखातल्या मशिनगनच्या तोंडांवर लाल कापडाच्या चकत्या चिकटवत, आत ओल आणि गारठा जाऊ नये म्हणून. गोळी सुटली की चकती फाटे. म्हणजे मॉडेलवर चकत्या अखंड असतील तर पंखाखाली बारुदाची काजळी नको. काजळी हवी असेल तर चकत्या फाटक्या दाखवा. पुन्हा सांगतो: चकती अखंड, तर पंख स्वच्छ.

क्रम तुम्हाला ठाऊकच असेल, तरी एकदा सांगतो. रंग पूर्ण वाळल्यावर ग्लॉस (चकचकीत) वॉर्निश, कारण खडबडीत रंगावर डेकल, म्हणजे खुणा-क्रमांकांचं पातळ चित्र, लावलं तर खाली हवा अडकते आणि ते चांदीसारखं चमकतं. डेकलवर परत ग्लॉस. त्यानंतर तैलरंगाचा पातळ वॉश, आणि पुसायचा तो वारा वाहतो त्या दिशेनं, नाकाकडून शेपटीकडे. तैलरंगाचा वॉश असेल तर खालचं वॉर्निश ॲक्रिलिक हवं, नाहीतर थिनर ते विरघळवेल. मग मॅट (बिनचमकीचं) वॉर्निश.

इंजिनच्या धुराड्यांचा धूर सर्वांत शेवटी, मॅटच्या वर. तो नुसता काळा करू नका. शिसं घातलेल्या पेट्रोलचा धूर फिकट करडी पूडही सोडतो. आधी तपकिरी काळा पट्टा, मग त्याच्या मधोमध करडी छटा, दोन्ही मागे विरत जाणारे. हे झालं की कॉकपिटच्या काचेवर रंग लागू नये म्हणून लावलेली मास्किंग टेप काढा. काच तेवढी चकचकीत राहू द्या.

नमस्कार.