नकाशावरची वाट : वेल्सचा किनारा आणि खानापूरचे घाट

(दृश्य : कड्यावरून उतरणाऱ्या पायऱ्या, खाली दीपगृह)

वेल्समधील होलीहेडजवळ, समुद्रात घुसलेल्या साउथ स्टॅक या खडकावर १८०९ पासून हे दीपगृह उभे आहे आणि तिथवर जाण्यासाठी कड्याच्या अंगाने चारशेच्या आसपास पायऱ्या उतराव्या लागतात. कपारींत दाटीवाटीने बसलेले काळे-पांढरे पक्षी गिलेमॉट आणि रेझरबिल जातींचे असून, ते केवळ विणीच्या काळात कड्यावर येतात. एरवी त्यांचे आयुष्य समुद्रावरच जाते. पायऱ्यांवर दिसणारी तरुण मंडळी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली आहेत. नोकरीनिमित्त ती मँचेस्टरला राहतात आणि शनिवारी किनारा, रविवारी डोंगर असा त्यांचा बेत होता. दुपारनंतरच्या पावसात कॅमेरा पिशवीत गेल्यामुळे शनिवारचा उत्तरार्ध या चित्रफितीत नाही.

(दृश्य : कुरण, मेंढ्या, फाटक, पिवळ्या बाणाचा खांब)

हे दृश्य आम्ही मुद्दाम लांबवले आहे. वाट एका शेतकऱ्याच्या खासगी कुरणातून जाते, कुरणाला कुंपण आहे, कुंपणाला फाटक आहे, पण फाटकाला कुलूप नाही. आत आलेल्या माणसाने ते पुन्हा लावून घ्यावे, एवढीच अपेक्षा असते. वेल्सच्या संपूर्ण किनाऱ्याला धरून जाणारा सुमारे १,४०० किलोमीटरचा पदभ्रमण मार्ग मे २०१२ मध्ये खुला झाला, परंतु जमीन मालकाची आणि तिच्यावरून चालण्याचा हक्क सर्वांचा, ही व्यवस्था त्याहून पुष्कळ जुनी आहे आणि ती कोणी आपणहून देऊ केलेली नाही.

या मंडळींच्या मँचेस्टरपासून जवळच किंडर स्काउट नावाचे पठार आहे. जमीनदारांनी ते शिकारीसाठी राखून ठेवले होते आणि आठवडाभर कारखान्यांत राबणाऱ्या कामगारांना रविवारी तिथे पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. २४ एप्रिल १९३२ रोजी काहीशे तरुण ठरवून त्या पठारावर चढले, राखणदारांशी त्यांची झटापट झाली आणि त्यांपैकी पाच जणांना तुरुंगात जावे लागले. पुढे १९४९ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधील स्थानिक प्रशासनांवर आपापल्या हद्दीतील सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा तयार करण्याची जबाबदारी टाकली. त्या नकाशात वाट एकदा नोंदली गेली की तिच्या अस्तित्वाचा वेगळा पुरावा मागता येत नाही. नोंद नसलेल्या वाटेलाही मार्ग आहे : लोक वीस वर्षे कोणाची परवानगी न मागता, उघडपणे आणि अखंड तिच्यावरून चालत आले असतील, आणि मालकाने आपला नकार या काळात स्पष्ट केलेला नसेल, तर ती सार्वजनिक झाली असे १९८० च्या कायद्यानुसार मानले जाते. दुकानात मिळणाऱ्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर या नोंदलेल्या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात, आणि मंडळींच्या हातात दिसतो तो हाच नकाशा.

(दृश्य : तळ्यावरचा बांध, मागे शिखर)

रविवारचा डोंगर म्हणजे १,०८५ मीटर उंचीचा स्नोडन, वेल्श भाषेत अर विद्वा. सुरुवातीच्या फलकावर वेल्श मजकूर आधी आणि इंग्रजी नंतर आहे. बेळगावच्या प्रेक्षकाची नजर तिथे क्षणभर रेंगाळेल, याची आम्हाला कल्पना आहे. पेन-इ-पासहून निघणारी ही वाट तांब्याच्या खाणीतील कामगारांची होती आणि तळ्यावरचा बांध १८५३ मध्ये खाणीसाठीच घातला गेला. वरच्या चढावर दगड एकमेकांत बसवून केलेली फरसबंदी दिसते. अशा कामासाठी दगड हेलिकॉप्टरने वर पोहोचवले जातात. १८९६ पासून शिखराजवळपर्यंत रेल्वेही जाते, त्यामुळे घामाघूम होऊन वर पोहोचलेल्या माणसाला तिथे इस्त्री केलेल्या कपड्यांतले पर्यटक भेटतात. वर्षाला पाच लाखांहून अधिक माणसे हा डोंगर चढतात, त्याने वाटा झिजतात आणि वाहने उभी करायला जागा पुरत नाही.

(दृश्य : कणकुंबी, जांभ्या दगडाचा सडा, दरीकडे उतरणारी वाट)

हे चित्रण आपल्याकडचे. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या परिसरातून आणि जांबोटी, चोर्ल्याच्या बाजूने गोव्याकडे उतरणाऱ्या घाटवाटांवरून एके काळी बैलांचे तांडे धान्य खाली नेत आणि मीठ वर आणत. गाडीरस्ता झाला तशा बहुतेक वाटा कारवीच्या रानात बुजत गेल्या. जुन्या गाव नकाशांत गाडीवाटा आणि पायवाटांच्या खुणा असतात, म्हणजे नोंदीची परंपरा आपल्यालाही नवी नाही; मात्र जमिनीचा उतारा जपून ठेवणाऱ्या आपल्या घरांत गावाच्या वाटेचा कागद कोणी मागितल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. याच तालुक्यातले भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले, आत जायला वन खात्याची परवानगी लागते, आणि आमगाव, गवाळी, तळेवाडी यांसारख्या गावांच्या स्थलांतराचा विषय अनेक वर्षे चालू आहे.

मँचेस्टरहून सुट्टीवर आलेल्या या तरुणांनी गावोगावच्या वयस्कर माणसांना विचारून वाटा, पाणवठे आणि विसाव्याच्या जागा नकाशावर टिपायला सुरुवात केली आहे. यानंतरची मुलाखत कणकुंबी भागातील एका आजोबांची आहे. गोवा मुक्त होण्यापूर्वी ते वडिलांबरोबर बैल घेऊन हा घाट उतरत असत. उन्हाळ्यातही न आटणारे झरे कोणत्या वळणावर आहेत, हे ते क्रमाने सांगतील.