नडगी दगडाची होत नाही

नमस्कार श्रोतेहो.

बाटलीनं नडगी घासू नका. मला आज मुख्यतः हेच सांगायचंय, म्हणून ते आधीच सांगून टाकलं. आता कारणं ऐका.

मुय थाई (थायलंडचं बॉक्सिंग), किकबॉक्सिंग, क्योकुशिन कराटे, म्हणजे नडगीनं किक मारायच्या लढतींतलं काहीही शिकायला लागलेल्या पोराला लवकरच कुणीतरी जाणकार भेटतो आणि सांगतो: काचेची बाटली घे, नाहीतर लाटणं घे, आणि रोज रात्री नडगीवर दाबून फिरव. नसा मरतात, हाड दगडाचं होतं. आणि पोरं खरंच दात-ओठ खात फिरवत बसतात.

बसल्या जागी एक करून बघा. गुडघ्याच्या वाटीखाली बोट ठेवा आणि पुढच्या बाजूनं, किंचित आतून, घोट्याकडे सरकवत न्या. सबंध वाटभर हाडाची कड लागेल. बाहेरच्या बाजूला स्नायू आहे, मागे पोटरी आहे, पण इथे कातडीखाली थेट हाड. त्या हाडावर एक पातळ आवरण असतं आणि त्या आवरणात मज्जातंतूंचं दाट जाळं. नडगीला लागलं की ब्रह्मांड आठवतं ते याच्यामुळे. बाटली फिरवताना तुम्ही हे आवरण चेंगरता. ते सुजतं, खडबडीत होतं, दुखरं राहतं. आतल्या हाडाला मात्र त्यातून भक्कम होण्यासारखं काहीच मिळत नाही.

मग हाड भक्कम होतं कसं? ज्युलियस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यविशारदानं 1892 साली मांडलं की हाड आपल्यावर येणाऱ्या भारानुसार स्वतःला घडवत जातं. टेनिसपटूंच्या रॅकेटच्या हातातलं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरतं. उलट, अंतराळात महिनोन् महिने तरंगणाऱ्यांचं हाड झिजतं, कारण तिथे पायांवर भारच नसतो. हाडात दोन प्रकारच्या पेशी सतत राबत असतात, एक जुनं हाड पोखरून काढणाऱ्या आणि दुसऱ्या त्या जागी नवं भरणाऱ्या. पोखरणं काही आठवड्यांत उरकतं, भरायला महिने लागतात. म्हणजे एखाद्यानं एकदम जोरात सराव सुरू केला, तर मधल्या काळात त्याचं हाड आधीपेक्षा जरा कच्चंच असतं. नेमक्या याच काळात उत्साह उतू जात असतो. नडगीत बारीक तडा जाण्याचे प्रकार होतात ते बहुधा असेच.

प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट कळली आहे, आणि मला ती फार उपयोगाची वाटते. काही डझन धक्के बसले की हाडाच्या पेशी पुढच्या धक्क्यांना फारशी दाद देईनाशा होतात. काही तास विश्रांती मिळाली की पुन्हा देऊ लागतात. तेव्हा एका दमात पाचशे किक मारून लंगडत घरी जाण्यापेक्षा सकाळी थोड्या, संध्याकाळी थोड्या मारल्या, तर हाडाच्या दृष्टीनं जास्त पदरात पडतं. थाई खेळाडूंच्या नडग्या अशाच घडतात. वर्षानुवर्षं टांगलेल्या जड बॅगवर आणि जोडीदारानं हातात धरलेल्या पॅडवर किक, त्याच्या जोडीला धावणं, दोरीवरच्या उड्या, आणि पोटभर जेवण. यात गुपित कसलंच नाही, म्हणून तर लोकांना बाटली जास्त आवडते.

केळीच्या झाडाला लाथा मारणाऱ्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. केळीचं खोड म्हणजे एकावर एक गुंडाळलेले पानांचे देठ, आत पाणीच पाणी. कितीतरी बॅगा त्याहून कडक असतात. बॅगेचं म्हणाल तर टांगलेल्या बॅगेतलं भरण हळूहळू खाली बसतं आणि तळाचा भाग पार दगड होतो. नवशिक्यानं पोटाच्या उंचीवर मारावं, तळाला जाऊ नये. पायाच्या पंजानंही मारू नये, कारण पंजाची हाडं बारीक असतात आणि पटकन जातात. घोट्याच्या वर चार बोटं सोडून पुढे जो नडगीचा पट्टा येतो, तो लागला पाहिजे.

आता दुखणं कमी होतं त्याबद्दल. काही महिन्यांनी तीच किक मारताना पूर्वीसारखी कळ मस्तकात जात नाही, हे खरं आहे. पण नसा मेलेल्या नसतात. मेंदूला त्या धक्क्याची सवय झालेली असते, आणि किक नीट बसायला लागलेली असते. नसा खरोखरच मेल्या तर ती मोठी पंचाईत, कारण हाडाला तडा गेलाय हे सांगायला मग कोणी उरत नाही. सरावाआधी चोळायचं ते झोंबणारं तेल दुखणं झाकतं, हाड बनवत नाही.

आणि समजा, नडगी अगदी उत्तम घडली. तरी काय? 28 डिसेंबर 2013 ला लास वेगासमध्ये यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या स्पर्धेत अँडरसन सिल्वा या लढवय्यानं प्रतिस्पर्धी क्रिस वाइडमनला डाव्या पायाची लो किक, म्हणजे पायावर मारायची खालची लाथ, मारली. वाइडमननं गुडघा उचलून ती अडवली, ज्याला चेक करणं म्हणतात, आणि सिल्वाची नडगी दुमडली. सिल्वा तेव्हा 38 वर्षांचा होता आणि उभं आयुष्य किक मारण्यात गेलेलं. त्याची नडगी कच्ची होती असं कोण म्हणेल? पुढे 24 एप्रिल 2021 ला तोच वाइडमन युराया हॉल या दुसऱ्या लढवय्यासमोर उभा राहिला, पहिलीच किक मारली, हॉलनं ती चेक केली, आणि वाइडमनचा उजवा पाय तसाच मोडला. लढत 17 सेकंदांत संपली. हॉल एकही फटका न मारता जिंकला.

यात दैव वगैरे काही नाही. नडगीचं हाड वर गुडघ्यापाशी रुंद आणि जाड असतं, खाली जाता जाता बारीक होतं, आणि खालच्या तिसऱ्या हिश्श्याच्या तोंडाशी सगळ्यात बारीक असतं. चेक करणारा आपला जाड भाग पुढे करतो. मारणाऱ्याचा बारीक भाग पूर्ण वेगात त्यावर येऊन आदळतो. हाड उभा दाब भरपूर सोसतं, पण आडवं वाकवलं की हार खातं. म्हणून चांगले प्रशिक्षक लो किक कधी सुटी मारू देत नाहीत. आधी हातांनी समोरच्याला गुंतवा, त्याचं वजन पुढच्या पायावर येऊ द्या, म्हणजे तो पाय त्याला उचलता येत नाही, आणि मग मांडीवर मारा. नडगी वाचवायचा माझ्या मते हाच खरा उपाय आहे.

जाता जाता एक गंमत. इंग्लंडमध्ये चिपिंग कॅम्पडन या गावाजवळच्या टेकडीवर कॉट्सवोल्ड ऑलिम्पिक नावाचे खेळ भरतात, 1612 च्या सुमाराला सुरू झालेले. त्यात निव्वळ नडग्यांवर लाथा मारायची स्पर्धा असते. एकमेकांची कॉलर धरायची, नडगीवर लाथा मारत समोरच्याला आडवं पाडायचं. आणि नडगी राखायला काय? पँटच्या पायांत पेंढा कोंबायचा, बस. तेवढी अक्कल त्यांना आहे. आपल्याकडे स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, शिन गार्ड (नडगीवर बांधायची गादी) न घालणं हे मर्दानगीचं समजणारे आहेत.

लहान मुलांच्या बाबतीत तर अजिबात घाई नको. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचे मऊ पट्टे असतात. त्यांना मऊ पॅड, शिन गार्ड आणि कमी किक.

एक लक्षण मात्र लिहूनच ठेवा. मार बसल्यावर टेंगूळ येणं, काळंनिळं पडणं, दोन दिवस ठणकणं, हे चालायचंच. पण नडगीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू लाकडासारखा टणक झाला, दुखणं माराच्या मानानं फारच जास्त असलं आणि वाढतच गेलं, बोटं खाली वाकवली की जीव कासावीस झाला, पंजा बधिर पडू लागला, तर आत दाब वाढतोय. स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. शस्त्रक्रिया करून तो दाब मोकळा करावा लागतो, आणि त्यासाठी हाताशी काही तासच असतात. तेव्हा पाय घट्ट बांधू नका, चोळू नका, सकाळपर्यंत थांबू नका. तडक हॉस्पिटल गाठा.

नमस्कार.