पोटातून गेलेली गोळी पोटाकडेच परतते

सकाळचे सात. आजोबा पाण्याच्या घोटाबरोबर एक लहानशी पिवळी गोळी गिळतात. पँटोप्राझोल, ४० मिलिग्रॅम. घरोघरी तिला ॲसिडिटीची गोळी म्हणतात.

काही सेकंदांत ती जठरात उतरते. आम्ल इथेच आहे, पण इथे ती काहीच करत नाही. करूही नये. हे औषध आम्लात उघडं पडलं तर तिथेच नासून जाईल. म्हणून गोळीवर आम्लात न विरघळणारं आवरण चढवलेलं असतं.

माझ्या आजीला गोळ्या गिळता येत नसत. आम्ही तिला त्या खलबत्त्यात कुटून मधातून द्यायचो. हीसुद्धा. तिचं चिलखत आपणच फोडत होतो, हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.

पुढे लहान आतडं. आम्लाचा जोर ओसरतो, आवरण विरघळतं, औषध आतड्याच्या अस्तरातून रक्तात शिरतं. हे रक्त आधी यकृताकडे जातं. आतड्यातून रक्तात आलेल्या बहुतेक औषधांना हा नाका चुकत नाही. तिथून सुटलेलं औषध हृदयामार्गे अंगभर फिरतं आणि पुन्हा जठरापाशी येतं. पण या वेळी भिंतीच्या मागून, रक्तवाहिनीतून.

त्या भिंतीतल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर सोडणारे सूक्ष्म पंप आहेत. चालू पंपाजवळच्या तीव्र आम्लात औषधाचं रूप बदलतं आणि ते पंपाला घट्ट चिकटतं. ज्या आम्लात ते वाटेतच नासलं असतं, तेच आम्ल इथे त्याला कामाला लावतं. मला तर हे विलक्षण वाटतं. या जातीचं पहिलं औषध, ओमेप्राझोल, १९८८ साली बाजारात आलं.

रक्तातलं पँटोप्राझोल साधारण तासाभरात निम्मं होतं, काही तासांत जवळजवळ संपतं. बंद पडलेले पंप मात्र सहसा बंदच राहतात. पेशीला नवे घडवावे लागतात, म्हणून बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते.

आणि ती खाण्याआधी का? उपाशीपोटी बरेचसे पंप निजलेले असतात, खाल्लं की जागे होतात. त्या वेळी औषध रक्तात हजर हवं. एकाच दिवसात सगळे पंप सापडत नाहीत. पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात.

आजोबा घड्याळाकडे बघतात. स्वयंपाकघरात आजी पोहे भिजवते आहे. फोडणीला अजून अर्धा तास आहे.